आईच्या दुधाने मूल हुशार होते का?

हा प्रश्न माझ्या ओपीडीत दोन वेगवेगळ्या तोंडांनी येतो. स्वतःची शुगर दाखवायला आलेली सासू सोबतच्या गरोदर सुनेकडे बोट दाखवून विचारते, "डॉक्टर, अंगावरचं दूध प्यायलेलं लेकरू डोक्यानं हुशार होतं म्हणतात, खरं का?" त्यात उत्सुकता असते. पण चौथी-पाचवीतल्या मुलाची आई हाच प्रश्न विचारते तेव्हा आवाज खाली गेलेला असतो. "सर, याला मी तीनच महिने पाजलं. म्हणून तर हा अभ्यासात मागं पडत नसेल ना?"

या दुसऱ्या आईला आधी उत्तर देतो. नाही, त्यामुळे नाही. तुमच्या मुलाच्या मार्कांचे कारण तुमच्या तीन महिन्यांत शोधू नका, आणि घरात दुसरे कोणी शोधत असेल तर त्याला हा लेख वाचायला द्या.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ, कारण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

आईच्या दुधावर वाढलेली मुले बुद्धिमत्ता चाचणीत थोडे जास्त गुण मिळवतात, असे जगभरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि ते खोटे नाही. प्रश्न असा आहे की, ते गुण दुधामुळे मिळाले की आणखी कशामुळे? आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्या. ज्यांच्याकडे मोसंबीची चांगली बाग आहे, त्यांची मुले बहुधा इंग्रजी शाळेत जातात. ती मुले मोसंबीही भरपूर खातात. म्हणून मोसंबी खाल्ल्याने इंग्रजी येते, असे कोणी म्हणत नाही. बागेचा पैसा दोन्हीच्या मागे आहे, हे आपल्याला दिसते.

दुधाचेही असेच आहे. युरोप-अमेरिकेत शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या आया जास्त काळ स्तनपान करतात. त्यांच्या घरात पुस्तके असतात, मुलांशी बोलायला वेळ असतो. मूल पुढे हुशार निघाले तर श्रेय कोणाला द्यायचे? एडिंबरा आणि ग्लासगोच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवरून २००६ मध्ये हे तपासले. आईची स्वतःची बुद्धिमत्ता हिशोबात धरली, तेव्हा दुधाचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला, अर्ध्या गुणाइतकाच उरला. मग त्यांनी एकाच घरातली भावंडे तपासली, एक आईच्या दुधावरचे आणि एक बाटलीवरचे. त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

सगळ्यात मोठा प्रयोग बेलारूसमध्ये झाला. अमुक आयांनी पाजायचे आणि तमुक आयांनी नाही, असा प्रयोग करणे अन्यायाचे ठरले असते. म्हणून १९९६-९७ मध्ये तिथल्या ३१ रुग्णालयांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काही ठिकाणी स्तनपानासाठी आयांना खास मदत दिली, बाकी ठिकाणी नेहमीसारखेच काम चालले. बाळे होती १७ हजारांच्या वर. तिसऱ्या महिन्यात फक्त आईच्या दुधावर असलेली बाळे मदत मिळालेल्या गटात ४३ टक्के, दुसऱ्या गटात ६ टक्के. मुले साडेसहा वर्षांची झाली तेव्हा पहिल्या गटाला भाषेच्या चाचणीत सुमारे साडेसात गुण जास्त मिळाले. जगभर बातम्या झाल्या. पण ती चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना मूल कोणत्या गटातले आहे हे माहीत होते. तीच मुले सोळा वर्षांची झाल्यावर संगणकावर चाचण्या घेतल्या. तेव्हा भाषेत दीडएक गुणाचा फरक उरला होता आणि एकूण बुद्धिमत्तेत काहीच नाही. सहाव्या वर्षीची बातमी बहुतेकांना ठाऊक असते. सोळाव्या वर्षीची कोणी सांगत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्राझीलमधल्या पेलोटास शहरात १९८२ साली जन्मलेल्या मुलांची तिशीत तपासणी झाली. वर्षभर किंवा जास्त काळ आईचे दूध प्यायलेल्यांचा बुद्ध्यांक महिन्याभरातच दूध सुटलेल्यांपेक्षा जवळपास पावणेचार गुणांनी जास्त निघाला, आणि ते शाळाही जास्त शिकले होते. त्या शहरात गरीब-श्रीमंत सगळेच सारखे पाजत होते, त्यामुळे या निकालाला वजन आहे. मला वाटते, थोडासा खरा परिणाम असावा.

आपल्या देशातला अभ्यास मात्र मला सर्वांत जवळचा वाटतो. म्हैसूरला ९ ते १० वर्षांची ५१४ मुले तपासली. त्यांतल्या नव्वद टक्के मुलांना सहा महिने किंवा जास्त पाजलेले होते. तिथे जास्त महिने पाजल्याने मुलांच्या चाचण्यांत काही जास्त मिळाले, असे दिसले नाही. आपल्याकडची परिस्थिती म्हैसूरसारखी आहे. खेड्यात सगळ्याच आया पाजतात. त्यामुळे "आणखी चार महिने पाजले असते तर पहिला नंबर आला असता" या हिशोबाला आपल्याकडे तर काहीच आधार नाही.

आणि तीन-चार गुण म्हणजे तरी किती? बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरतात. एकाच मुलाची चाचणी दोन वेगळ्या दिवशी घेतली तरी इतका फरक पडू शकतो. आदल्या रात्री झोप झाली नसेल, तर नक्कीच.

मग मी यावर एवढे का लिहितो आहे? कारण "दूध म्हणजे बुद्धी" हे समीकरण दोन ठिकाणी नुकसान करते. एक तर ते आईच्या माथी मारले जाते. दूध कमी आले, सिझर झाले, बाळ काचेत होते, आई आजारी पडली, कामावर जावे लागले, काहीही कारण असो, दहा वर्षांनंतरच्या गणिताच्या पेपरचा दोष तिच्याकडे जातो. दुसरे असे की, बुद्धी दुधात असेल तर ती डब्यातही विकता येते. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या डब्याची आणि बाळ-आहाराची जाहिरात करायला बंदी आहे, डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. पण दोन वर्षांपुढच्या पावडरींना ही बंदी लागू नाही. तिथे मेंदूची चित्रे, चष्मा घातलेली हुशार पोरे, सगळे असते. शे-दोनशे रुपये रोज कमावणारी बाई तो डबा उसनवारी करून घेते, हे मी पाहतो. त्या पैशात महिनाभर अंडी येतात.

अंगावर पाजण्याची खरी कारणे वेगळी आहेत आणि ती भक्कम आहेत. जुलाब कमी होतात, न्यूमोनिया कमी होतो, कान फुटणे कमी होते. दूषित पाण्यात कालवलेले वरचे दूध हे आपल्याकडे आजही बाळाच्या जिवावर बेतू शकते. आईलाही फायदा आहे: एकूण बारा महिने पाजले की स्तनाच्या कर्करोगाचा धोका चार टक्क्यांहून थोडा जास्त कमी होतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळासाठी तर हे दूध औषध आहे. त्यांचे आतडे नाजूक असते, पावडरीने ते सडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. जन्मल्यावर तासाभरात छातीला लावा, चीक टाकू नका, मध-घुटी चाटवू नका, सहा महिने पाणीसुद्धा नको. हे सगळे आशाताई सांगतातच.

आशाताईंच्या यादीत सहसा नसलेली एक गोष्ट मी जरा सविस्तर सांगतो, कारण तिचा मेंदूशी थेट संबंध आहे. आईच्या दुधात काय उतरणार, हे काही बाबतींत आईच्या अंगात काय आहे यावर ठरते. ब-१२ हे जीवनसत्त्व त्यांतले पहिले. ते मिळते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून. भाजी-भाकरीत ते नसते. आपल्याकडे माळकरी घरे आहेत, मारवाडी-जैन घरे आहेत. तिथे अंडे-मटण वर्ज्य, ते ठीक आहे. पण घरची म्हैस असूनही दूध डेअरीला जाते, उरलेले पुरुषांच्या आणि पोरांच्या चहात जाते, आणि बाई शेवटी जेवते. तिच्या वाट्याला ताक आले तरी पुष्कळ. अशा बाईला दिवस जातात, बाळंतपण होते, ती दोन वर्षे पाजते. दूध भरपूर असते, पण त्यात ब-१२ नसते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा १९९३ पासून अभ्यास केला. त्यांतल्या काहींची मुले नऊ वर्षांची झाल्यावर तपासली. गरोदरपणी ज्या आयांचे ब-१२ फार कमी होते, त्यांची मुले लक्ष टिकवण्याच्या आणि थोड्या वेळापुरते लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे होती. हा निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यास छोटा होता, शंभरेक मुलांचा. पण तो मराठी घरांतला आहे, आणि पाटी-पेन्सिल हातात यायच्या कितीतरी आधी काय घडते, ते दाखवतो.

फारच कमतरता असेल तर बाळावर उघड दिसते. बाळ पाच-सहा महिन्यांपर्यंत ठीक असते, अंगाने गुबगुबीतही असते. मग ते सुस्त होते. हसणे बंद होते. धरलेली मान पुन्हा सोडते. बोटांच्या पेरांवरची कातडी काळी पडते, केस विरळ आणि तांबूस होतात, काही बाळांचे हातपाय थरथरतात. घरचे म्हणतात, दृष्ट लागली. हे दिसले तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ब-१२ चे इंजेक्शन दिल्यावर काही दिवसांत बाळ पुन्हा हसू लागते. उशीर झाला तर मात्र काही कमतरता कायमची राहते. अंगावर पाजणे बंद करायचे नाही. आईलाही ब-१२ द्यायचे.

म्हणून सासूबाई, सुनेला "पाज" म्हणण्याआधी तिच्या ताटात बघा. डिंकाचे लाडू आणि खसखशीची खीर करा, त्याला माझा विरोध नाही. पण रोज दोन वेळा दूध किंवा दही तिच्या नावाने बाजूला काढा, खात असेल तर अंडे द्या. पूर्ण शाकाहारी असेल तर गरोदरपणीच डॉक्टरांना ब-१२ बद्दल विचारा. गोळी महाग नाही.

लोहाचे थोडे वेगळे आहे. आईच्या दुधात लोह मुळातच कमी असते, आईने कितीही खाल्ले तरी. बाळ पोटातून आणलेल्या साठ्यावर सहा महिने काढते, पुढे त्याला खाणे लागते. इथे आपण फार कमी पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिन्यांखालची ७१ टक्के बाळे फक्त आईच्या दुधावर होती. म्हणजे पहिली पायरी बरी चालली आहे. पण सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांत पुरेसा आहार दहातल्या एकालाच मिळत होता, आणि पाच वर्षांखालच्या जवळजवळ ६९ टक्के मुलांत रक्त कमी होते. अभ्यासात लक्ष न लागणे, चिडचिड, वर्गात पेंगणे यामागे मला तरी दूध किती महिने पाजले यापेक्षा हे रक्त कमी असणे जास्त वेळा दिसते. वर्षाच्या बाळाला चहात बुडवलेले बिस्कीट देतात. चहा लोह शोषू देत नाही. त्याऐवजी घट्ट वरण-भात कुस्करून, वर तूप, लिंबू पिळून.

यात बदल होऊ शकतो, हे आपल्याच भागाने दाखवले आहे. २००५ मध्ये औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या काळावर त्याचा भर होता. राज्यात दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ मध्ये २३ टक्क्यांपर्यंत खाली आले. सगळे श्रेय एकट्या मिशनचे नाही, पण दिशा बरोबर होती.

आता मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडच्या ऊसतोड बायकांकडे बघा. दिवाळीनंतर त्या कोयता घेऊन निघतात. सहा महिन्यांचे बाळ फडाच्या कडेला झोळीत, आई पहाटेपासून मोळ्या बांधते. बाळाला वरचे खाणे सुरू करण्याचे नेमके महिने उसात जातात. मोठे भावंड शाळा सोडून बाळ सांभाळते, म्हणजे एका घरात दोघांचे नुकसान. नोकरीतल्या बाईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. या बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळंतपणाचे ५,००० रुपये मिळतात, तेही कागद पूर्ण असतील तर. तिला कोणी "आईचे दूध म्हणजे बुद्धी" असे पोस्टर दाखवले तर मला राग येतो. तिला फडाजवळ अंगणवाडीचा आहार आणि पाळणाघर पाहिजे, मोठ्या लेकराला गावातच हंगामी वसतिगृह पाहिजे.

आणि ज्यांचे मूल आज वर्गात मागे आहे, त्यांनी एवढे करा: हिमोग्लोबिन तपासा, डोळे तपासा, कान तपासा. ते रात्री किती वाजता झोपते आणि हातात मोबाईल किती वेळ असतो ते पाहा. सकाळी काही खाऊन शाळेत जाते का, हेही पाहा. हे सगळे ठीक असूनही वाचताना अक्षरे उलटीसुलटी होत असतील, तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी विभागात दाखवा. केसपेपर काढताना ते विचारतील, किती महिने पाजले? जे खरे असेल ते सांगा, बिनधास्त.