उस्मानाबादच्या स्त्रियांचे ऋण

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग जडतो आणि ऐंशी हजारांच्या घरात स्त्रिया त्याने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे. हा रोग पटकीसारखा एका रात्रीत घाला घालणारा नव्हे. विषाणूचा शिरकाव झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. इतकी मुदत देणारा शत्रू विरळाच. ती मुदत आपण दवडतो.

हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय निदान महाराष्ट्राला तरी नाही. उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ साली मुंबईच्या टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयांतील डॉक्टरांनी सुमारे १ लाख ३१ हजार निरोगी स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच, केवळ एकदाच, चाचणी झाली, त्यात आठ वर्षांत या रोगाने ३४ स्त्रिया गेल्या. ज्यांना नेहमीच्या सोयींवरच ठेवले होते त्या गटात, तो संख्येने थोडा लहान असूनही, ६४. या दुसऱ्या गटावाचून तुलनाच झाली नसती. त्यावरून पुढे वैद्यकीय नीतीचा वाद माजला, आणि तो गैरवाजवी होता असे आम्हांस वाटत नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत तर याहून साधा उपाय पारखला गेला. जेमतेम दहावी झालेल्या स्त्रियांना महिनाभर शिकवून, शिरक्यासारखे पातळ आम्ल लावल्यावर मिनिटभरात पांढरा चट्टा उमटतो का, एवढेच पाहावयास लावले. बारा वर्षांत मृत्यू शेकडा ३१ ने घटले.

दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरविलेही. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ती कधीतरी करवून घेतलेल्या शेकडा दोनही भरल्या नाहीत.

सरकारला दोष द्यावयास हवाच. पण यजमानांच्या रक्तशर्करेची तारीखवार नोंद ठेवणारी आमच्या सुशिक्षित घरांतील गृहिणी स्वतः या तपासणीला जाते काय? आम्ही शिक्षक असताना शरीरशास्त्राचा ‘तो’ धडा घरी वाचून येण्यास सांगून पुढे जाण्याची रीत होती. वर्गात जो संकोच शिकविला तोच आता पन्नाशीच्या बायकांना दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरवितो. पुण्यात तयार होणारी लस मुलींसाठी आहे. तिने मुलीचा मार्ग निर्धोक होईल, तिच्या आईचा नव्हे. आईला तपासणीच हवी.

तेव्हा महापालिकेने प्रत्येक प्रभागातील दवाखान्यात आठवड्याचा एक ठरलेला दिवस, स्त्री परिचारिकेसह आणि आडोशाच्या खोलीसह, या तपासणीसाठी राखावा. आणि कचेऱ्यांनी त्यासाठी अर्ध्या दिवसाची पगारी रजा, कारण न विचारता, द्यावी.