पंचनामा कोणाच्या हाती?

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तिच्यावर आक्षेप घेण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु तिच्या १७६ व्या कलमाने एक चांगली गोष्ट केली, हे विरोधकांनीही मान्य करावे. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे, त्याने पुरावे गोळा केले पाहिजेत आणि त्या कामाचे चित्रीकरण झाले पाहिजे, असा दंडक तिने घातला आहे. तो केव्हापासून लागू करावयाचा हे ठरविण्यास राज्य सरकारांना पाच वर्षांची मुदत आहे. मुदतीबद्दल आमची फारशी तक्रार नाही. या मुदतीत जो माणूस तयार करावयाचा तो कोणाचा नोकर असणार, हा आमचा प्रश्न आहे.

वर्धा जिल्ह्यापुरते पाहू. समुद्रपूर वा आष्टी तालुक्यातील एखाद्या शिवारात प्रेत सापडले की ठाण्याचा हवालदार पोहोचण्यापूर्वी अर्धे गाव तेथे येऊन गेलेले असते. पंच म्हणून उभा केला जातो तो बहुधा रोजी बुडवून आलेला शेतमजूर. काही वर्षांनी समन्स येते, तेव्हा त्याची पुन्हा रोजी बुडते. पंच फितूर झाला म्हणून त्याला बोल लावला जातो. त्याच्या बुडालेल्या रोजीचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. जिल्हा दारूबंदीचा, तेव्हा मोहाच्या दारूचे नमुने सीलबंद करून रासायनिक विश्लेषणासाठी धाडणे हेही त्याच हवालदाराच्या माथी. रक्ताने भिजलेला कपडा आधी वाळवावा आणि मग कागदात बांधावा, ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, एवढी साधी गोष्टही त्याला कोणी नीट शिकविलेली नसते. पिशवीत कुजलेल्या रक्ताला नागपूरच्या प्रयोगशाळेतील कितीही महागडे यंत्र बोलते करू शकत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये आर्वी येथे एका खासगी रुग्णालयाच्या आवारातील गोबरगॅसच्या खड्ड्यातून ११ कवट्या आणि ५४ हाडे निघाली. तेरा वर्षांच्या एका मुलीच्या बेकायदा गर्भपाताच्या तक्रारीतून हा शोध लागला होता. असा खड्डा कोणत्या क्रमाने उपसावा, हाडाचा तुकडा किती महिन्यांच्या गर्भाचा, एकूण जीव किती, हे सांगणे फावड्याचे काम नव्हे. तेथे शास्त्र जाणणारा माणूस पहिल्या तासापासून हवा.

असा माणूस काय करू शकतो हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली बलात्कारपीडित स्त्रियांच्या वैद्यकीय तपासणीच्या दुरवस्थेवर एक सविस्तर अहवाल सिद्ध केला. त्याच्या आधारे नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका उभी राहिली. २०१३ साली राज्य सरकारला तपासणीची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. ‘दोन बोटांची चाचणी’ या नावाने जो अपमान शास्त्राच्या वेषात दवाखान्या-दवाखान्यांत चालत आला होता, त्याला येथे प्रथम जोराचा धक्का बसला. पुढे २०१९ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या तथाकथित खुणांचा पाठ अभ्यासक्रमातून काढला, तोही याच प्राध्यापकांच्या पाठपुराव्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावे असे बजावले, ते २०२२ साली. पीडितेचे शरीर हेही एक घटनास्थळच असते. तेथे अज्ञानी वा दूषित दृष्टीचा तपासनीस पोहोचला की गुन्हा दुसऱ्यांदा घडतो. ही सुधारणा वाहनाने वा यंत्राने घडविली नाही. ज्याला सत्य लिहिल्याबद्दल पोलीस ठाण्याची भीती बाळगावी लागत नव्हती, अशा एका नोकरदार माणसाने तिला चालना दिली.

विदर्भाला याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. घटनास्थळ होते खुद्द पोलीस ठाणे! अंगावर जखमा नाहीत, हे १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या लेखी महत्त्वाचे ठरले आणि आरोपी सुटले. देशभर संताप उसळला, १९८३ साली कायदा बदलला. परंतु घटनास्थळ ठाणेच असेल तर तेथला पंचनामा कोणी करावा, या प्रश्नाला आजही समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. राज्यातील न्यायसहायक प्रयोगशाळा गृहखात्याखालीच आहेत. ज्या खात्याच्या माणसावर आरोप, त्याच खात्याच्या पगारावर तज्ज्ञ, ही व्यवस्था कितीही प्रामाणिक माणसांच्या हाती असली तरी सदोषच राहणार.

सरकारने राज्यभर फिरत्या प्रयोगशाळांची वाहने आणण्याची योजना जाहीर केली आहे. वाहनांचे उद्‌घाटन होते, छायाचित्रे छापून येतात. आत बसणाऱ्याच्या नेमणुकीचे काय? (ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी घासून-पुसून तयार केली, जगात ती ओळखली गेली त्यांच्या साहेबाच्या, हेन्रीच्या, नावाने. या क्षेत्रात राबणाऱ्याचे विस्मरण ही जुनीच रीत आहे.) सप्टेंबर २०२३ मध्ये याच राज्यात बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला होता आणि तरुणांच्या रोषामुळे ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला होता. तज्ज्ञांच्या बाबतीत तोच मार्ग मागच्या दाराने आणला जाऊ नये. अकरा महिन्यांच्या करारावरील माणूस ठाणेदाराच्या इच्छेविरुद्ध अहवाल कसा लिहील? आणि चार वर्षांनी उलटतपासणीसाठी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावयाची वेळ येईल, तेव्हा तो कोठे सापडेल?

वर्ध्याच्या आठही तालुक्यांसाठी पुरेशी कायम पदे येत्या अर्थसंकल्पात मंजूर करावीत. सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागाकडे त्यांचे प्रशिक्षण सोपवावे. घटनास्थळाचा अहवाल पोलीस अधीक्षकांच्या टेबलावर जाण्याआधी त्याची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल व्हावी, आणि पंचाला त्या दिवसाची रोजी तेथल्या तेथे मिळावी. जिल्ह्यातील आमदारांना विधिमंडळात हे मांडता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.