इस्पितळांतून घरीं

मोठ्या दुखण्यांतून उठलेलें मूल इस्पितळांतून घरीं येतें, तो दिवस कोणत्याहि कुटुंबांत सणासारखा साजरा होतो, आणि तें योग्यच आहे. दारांत भाकरतुकडा ओवाळून टाकतात, देवापुढें साखर ठेवतात, शेजारपाजारच्या बायका डोकावून जातात. परंतु दुसऱ्या माणसाच्या यकृताचा तुकडा पोटांत घेऊन जें मूल घरीं येतें, त्याची सारी काळजी त्या दिवसापर्यंत शिकलेल्या परिचारिकांनीं घड्याळाच्या कांट्यावर वाहिलेली असते. त्या सायंकाळपासून ती घरांतल्या दहा हातांत पडते. हे हात प्रेमळ असतात यांत संशय नाहीं. भीति आहे ती त्या प्रेमाचीच. अशीं मुलें आतां मध्यम स्थितीच्या घरांतूनहि दिसूं लागलीं असल्यामुळें या महिन्यांत त्यांच्याविषयीं कांहीं लिहावें असें आम्हीं योजिलें आहे.

ही विद्या फार जुनी नाहीं. अमेरिकेंत डेन्व्हर येथें डॉ. थॉमस स्टार्झ्ल यांनीं १९६३ सालीं एका तीन वर्षांच्या मुलावर यकृतरोपणाचा पहिला प्रयत्न केला. तें मूल शस्त्रक्रिया चालू असतांनाच गेलें. १९६७ सालीं त्यांनींच एका दीड वर्षाच्या मुलीवर केलेली शस्त्रक्रिया साधली व ती मुलगी वर्षाहून थोडी अधिक जगली. पुढें १९८० नंतर सायक्लोस्पोरिन व त्यामागून टॅक्रोलिमस हीं औषधें हातीं आलीं आणि चित्र पालटलें. (पहिलें नॉर्वेंतल्या मातींत सांपडलेल्या बुरशीपासून निघालें, दुसरें जपानांतल्या मातींतील जंतूंपासून. माती खाऊं नको म्हणून मुलांना रागें भरणाऱ्या आयांना ही गंमत वाटेल.) १९८९ सालीं ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें आईच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला बसविण्यांत आला व तो मानवला. आपल्या देशांत १९९८ च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या अपोलो रुग्णालयांत वीस महिन्यांच्या एका तामिळ बालकाला वडिलांच्या यकृताचा तुकडा मिळाला. तो मुलगा पुढें वैद्यक शिकून स्वतः डॉक्टर झाला आहे.

त्या बालकाला जो रोग होता, तोच लहान मुलांत यकृतरोपणाचें सर्वांत मोठें कारण होय. जन्मानंतर लौकरच पित्ताच्या नळ्या बुजून जातात आणि पित्त यकृतांतच कोंडतें. येथें एक गोष्ट, थोडें विषयांतर करूनहि, सांगितली पाहिजे. नवजात बाळाची कावीळ दोन आठवडे उलटूनहि हटत नसेल आणि बाळाची शी पांढुरकी होत असेल, तर 'बाळांना होतेच कावीळ' म्हणून उन्हांत निजवून स्वस्थ बसूं नये. जपानचे डॉ. कासाई यांनीं काढलेली शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांच्या आंत झाली तर पुष्कळ वेळां रोपणाचा प्रसंग टळतो, निदान लांबतो.

आतां घरीं आलेल्या मुलाकडे वळूं. शरीर परक्याला ओळखतें आणि त्याला घालवूं पाहतें, मग तो परका आईच्याच यकृताचा कां असेना. म्हणून शरीराच्या या पहारेकऱ्याला औषधानें अर्धवट झोपेंत ठेवावें लागतें. अगदीं निजला तर चोर शिरतात, म्हणजे रोगजंतु बळावतात; पुरता जागा झाला तर घरांतल्याच पाहुण्यावर काठी उगारतो. औषधाची मात्रा रक्त तपासून ठरवितात ती या दोहोंच्या मधली. हें एकदां समजलें, कीं आजीबाईंच्या बटव्याचा प्रश्न आपोआप सुटतो. मूल अशक्त दिसतें म्हणून 'प्रतिकारशक्ति वाढावी' या सद्‌हेतूनें गुळवेलीचा काढा सुरू करणें म्हणजे त्या पहारेकऱ्याला हलवून जागें करणें होय. शिवाय करोनाच्या सांथींत, २०२० सालीं, गुळवेल नियमानें घेणाऱ्या कांहीं धडधाकट माणसांच्याच यकृताला इजा झाल्याचें मुंबईच्या डॉक्टरांनीं नोंदविलें आहे. चूर्णें, भस्में, काढे, शेजारणीनें आणून दिलेली 'निर्धोक' पुडी, कांहींहि डॉक्टरांना विचारल्यावांचून मुलाच्या तोंडांत जातां कामा नये. फळांपैकीं पपनस वर्ज्य; त्यानें औषधाचें रक्तांतील प्रमाण भलतेंच वाढूं शकतें.

औषध बारा-बारा तासांनीं द्यावयाचें असतें. एकत्र कुटुंबांत यांत एक निराळाच घोंटाळा संभवतो. काकूला वाटतें आईनें दिलें, आईला वाटतें आजीनें दिलें, आणि कोणीच दिलेलें नसतें. किंवा दोघींनींहि दिलेलें असतें. हें काम एकाच माणसाकडे असावें, व दिल्याची खूण त्याच घटकेला कागदावर करावी. रक्त तपासावयाच्या दिवशीं सकाळचें औषध रक्त काढल्यावर द्यावयाचें, हें ध्यानांत ठेवावें. मुलाला उलटी झाली तर आपल्या अकलेनें दुसरी मात्रा देऊं नये. दूरध्वनि करून विचारावें. ताप आला असतां 'उद्यां सकाळीं पाहूं' हा शब्द उच्चारूंच नये.

कांहीं औषधांमुळें मुलाचा चेहरा गोल होतो व भूक वाढते. पाहावयास आलेल्या बायका 'बाळसें धरलें हो!' म्हणून कौतुक करतात. करूं द्यावें, पण तें बाळसें नव्हे हें घरच्यांना ठाऊक असावें.

याहून अवघड प्रश्न पाहुण्यांचा. मूल वांचलें म्हणजे सत्यनारायण घालावा, चार माणसें जेवूं घालावींत, नवस बोलला असेल तर तो फेडावयास जावें, अशी आपली रीत आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं पूजा घरच्या घरीं करावी, जेवणावळ व यात्रा पुढें ढकलावी. पहिले कांहीं महिने गर्दीचे नसावेत. देवाला थांबण्याची संवय आहे. घरांतील दुसऱ्या मुलाला कांजिण्या किंवा गोंवर निघाला तर त्याच दिवशीं रोपणाच्या डॉक्टरांना कळवावें. घरांत तान्हें बाळ असेल तर त्याला पोलिओचे थेंब तोंडावाटे देण्यापूर्वींहि त्यांना विचारावें. त्या थेंबांतील जिवंत जंतु या मुलापर्यंत पोंचूं शकतात.

एवढें सांभाळूनहि मुलाला कांचेच्या बरणींत ठेवावयाचें नाहीं. थोडे महिने गेले कीं डॉक्टर शाळेची परवानगी देतात. मग त्याला जाऊं द्यावें, भांडूं द्यावें, गुडघे फोडून घेऊं द्यावे. औषधाचें नांव व वेळ त्याच्या त्याला लहानपणींच पाठ करवावी. कारण पंधरा-सोळाव्या वर्षीं, आपण इतर मुलांसारखेच आहों असें वाटून, गोळ्या चुकविणारीं मुलें पुष्कळ असतात, आणि त्या वयांत आजी मागें धांवून उपयोग होत नाहीं.

देणाराविषयीं मात्र जरा विस्तारानें लिहिलें पाहिजे. १९९४ च्या कायद्यांत पति-पत्नी, आईबाप, मुलें व भावंडें हेच जवळचे नातलग मानले होते. २०११ च्या दुरुस्तीनें आजी-आजोबा व नातवंडें त्यांत आलीं. काका, आत्या, मामा, मावशी यांना अजूनहि मंजुरी समितीपुढें जावें लागतें. अवयवांचा बाजार होऊं नये म्हणून हें बंधन आहे व तें आवश्यक आहे. तरी ज्या घरीं काकूनेंच मूल वाढविलेलें असतें, तेथें ती 'जवळची नव्हे' हें वाचून मौज वाटते. प्रत्यक्षांत पुष्कळदां आईच पुढें होते. मुलाला लागतो तो भाग तिच्या यकृताचा सुमारें चौथा हिस्सा किंवा त्याहूनहि कमी असतो, व उरलेलें यकृत पुढें बहुतांशीं वाढून भरून येतें. पण म्हणून तिला कांहीं झालेंच नाहीं असें समजणें हा अन्याय आहे. त्या दिवशीं घरीं दोन रुग्ण येतात आणि अंथरूण मात्र एकच घातलें जातें. आमच्या माहितीच्या एका घरीं, पोटावर हातभर टांके घेऊन आलेली सून पंधराव्या दिवशीं मुलाला पाहावयास आलेल्या अठरा माणसांच्या पोळ्या लाटीत होती. कोणी तिला सांगितलें नव्हतें. पण कोणी तिच्या हातांतून लाटणेंहि घेतलें नव्हतें. तिच्या मागें घरांतल्या पुरुषांनीं व जावांनीं कामें वांटून घ्यावींत, आणि तिची स्वतःची तपासणी मुलाच्या तपासणींत विसरली जाऊं नये.

निदान सहा आठवडे, कांहीं डॉक्टरांच्या मतें तीन महिने, तिला जड उचलावयाचें नसतें. या जडांत तिचें स्वतःचें मूलहि येतें. तें हात पसरून रडतें आणि तिला वांकतां येत नाहीं. अशा वेळीं तिला भिंतीशीं टेकून बसवावें, पोटावर उशी धरावयास द्यावी, आणि मूल दुसऱ्या कोणीं उचलून तिच्या मांडीवर आणून द्यावें.