सागराचे रक्षण, पण कोणाच्या खर्चाने?

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे जगातील राष्ट्रांनी २०३० पर्यंत भूमी आणि सागर यांचा तीस टक्के भाग संरक्षित करण्याचा संकल्प सोडला. संकल्प स्तुत्य आहे. परंतु त्याचा खर्च कोणत्या वर्गाच्या माथी बसणार, हे विचारल्याविना मान डोलावणे समाजवाद्यांना शोभणारे नाही.

मालवणचे उदाहरण घ्या. १९८७ साली येथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याला विरोध करणाऱ्या मच्छीमारांना निसर्गाचे वैरी ठरविणे सोपे आहे. वस्तुतः त्यांचा हिशेब अचूक होता. मासेमारी बंद केलेल्या पट्ट्यात मासा वाढावयास आणि शेजारच्या पाण्यात उतरावयास वर्षे लागतात. लाभ उद्याचा व सर्वांचा. तोटा आजचा व मोजक्यांचा. रापण ओढणारा आज ज्या उत्पन्नावर पाणी सोडतो, ती समाजाच्या वतीने केलेली भांडवली गुंतवणूकच होय. परतावा सर्वांनी घ्यावयाचा आणि भांडवल मात्र दरिद्री माणसाच्या चुलीतून काढावयाचे, हा कोठला न्याय?

यावर वित्तबाजाराने तोडगा काढला आहे: कर्जसवलतीच्या बदल्यात सागररक्षण. २०२१ साली बेलीझ या चिमुकल्या देशाने ५५.३ कोटी डॉलरचे रोखे डॉलरमागे ५५ सेंट देऊन सोडवून घेतले व तीस टक्के सागर संरक्षित करण्याची हमी दिली. कर्जाचा भार हलका झाला, हे मान्य. परंतु जो करार प्रथम कोळ्याशी व्हावयास हवा, तो सावकाराशी झाला!

पैसा नाही, ही सबब लटकी आहे. महाराष्ट्र शासन यांत्रिक नौकांना डिझेलवरील कराचा परतावा देते. जो अधिक डिझेल जाळतो त्याला अधिक मिळते. हातांनी ओढल्या जाणाऱ्या रापणीच्या वाट्याला त्यातले काय येणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी अभयारण्याला आंधळा विरोध करू नये, आंधळे समर्थनही करू नये. मागण्या स्पष्ट असाव्यात. मासळी सुकविणाऱ्या व विकणाऱ्या स्त्रियांसह प्रत्येक बाधित कुटुंबाला उत्पन्न सावरेपर्यंत अर्थसंकल्पातून भरपाई मिळावी. सीमा आखताना मच्छीमार सहकारी संस्थांना निर्णयाचा अधिकार असावा. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली निर्बंध आले. गस्तीवाचून निर्बंध म्हणजे नुसता कागद, तेव्हा गस्तीसाठी स्वतंत्र तरतूद हवी.

एरवी हे अभयारण्य माशाला अभय आणि माणसाला भय देणारे ठरेल. आणि भयभीत माणूस माशाचे रक्षण करीत नसतो.