खांदा बैलाचा, गुडघा आपला



इस्लापूरच्या बाजाराच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर घटकाभर उभे राहून पाहा. पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी बाया गाडीची पायरी चढताना आधी दांडा धरतात, मग गुडघ्यावर हात टेकतात आणि 'आई गं' म्हणत वर चढतात. पुरुष माणसे बोलून दाखवत नाहीत; पण बसलेले उठताना त्यांचाही हात कमरेवर जातोच.

कमरेत चमक भरली की कोणी पायाळू माणसाचा पाय लावून घेतो, कोणी डाग देतो, कोणी सुई टोचून घेऊन दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जातो. दुखणे वाढले की सगळेजण एकच सल्ला देतात : "आता पडून राहा, हलू नका." सल्ला मायेचा असतो, पण खरा घात तोच करतो.

कसा, ते पाहू. मांडवाची मेढ नुसती जमिनीत रोवून उभी राहत नाही. चारी बाजूंच्या दोरांनी ती ताणून धरलेली असते. दोर सैल झाले की मेढ डुलू लागते. आपल्या सांध्यांचेही तसेच आहे. गुडघ्याचा मुख्य दोर म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू. कमरेचे दोर म्हणजे पोटाचे, पाठीचे आणि कुल्ल्यांचे स्नायू. दुखते म्हणून आपण हालचाल कमी करतो. हालचाल थांबली की स्नायू बारीक होतो. मग त्याचा भार सांध्यावर येतो आणि सांधा आणखी दुखतो. हे रहाट एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही.

कंबर धरल्यावर दोन दिवस पडून राहणाऱ्यांना आणि सात दिवस पडून राहणाऱ्यांना सारखाच आराम पडतो. उलट दोन दिवसवाले कामावर लवकर परततात, असे अमेरिकेतील डॉक्टरांना 1986 साली आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातही व्यायाम सुचवला आहे. कमरेचा पट्टा मात्र सरसकट वापरू नये, असे म्हटले आहे.

तुम्ही म्हणाल, "आम्ही दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण खुरपताना पाठ तासन् तास वाकलेली राहते. कापूस वेचताना कमरेची ओटी भरत जाते, तसा भार वाढत जातो. या कामाने स्नायू थकतो, आणि त्याला सावरायला वेळ मिळत नाही. व्यायामात भार मोजका असतो, तो हळूहळू वाढवायचा असतो आणि मध्ये विसावा असतो. म्हणून स्नायू बळावतो.

घरच्या घरी करण्यासारखे तीन व्यायाम सांगतो.

पहिला : बाजेवर पाय खाली सोडून बसा. एक पाय हळूहळू सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, हळूच खाली सोडा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

दुसरा : बाजेवरून किंवा ओट्यावरून, शक्यतो हाताचा टेका न घेता, उभे राहा आणि सावकाश बसा. आठ-दहा वेळा.

तिसरा : उताणे झोपून गुडघे वाकवा, तळपाय जमिनीला टेकवा. कुल्ले वर उचला, पाच मोजा, खाली या. दहा वेळा.

दोन आठवड्यांनी पहिला व्यायाम सोपा वाटू लागला, की कापडी पिशवीत अर्धा किलो ज्वारी भरून घोट्याला बांधा. जमेल तसे वजन थोडे थोडे वाढवा. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांचे दुबळे पाय असेच, टप्प्याटप्प्याने वजन वाढवून, सशक्त केले आणि 1945 साली ती रीत लिहून प्रसिद्ध केली.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले किंवा गुडघा सुजला, तर व्यायाम निम्म्यावर आणा, सोडू नका. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर धीर धरा. वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने मनाने घेऊ नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते.

मात्र पाय बधिर होणे किंवा लुळा पडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, कंबरदुखीबरोबर ताप येणे, वजन घटणे, पडल्यानंतर असह्य कळा येणे, सांधा लाल व गरम होऊन सुजणे, यांपैकी काही असेल तर घरी थांबू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा. तेथून गरज पडल्यास नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. नांदेड लांब आहे, एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. पण अशा वेळी उशीर केला तर पाय कायमचा जाऊ शकतो.

शेवटी घरातल्या माणसांना एक विनंती. या व्यायामाला पैसा लागत नाही, दिवसातून दोनदा दहा मिनिटे लागतात. आणि घरच्या बाईला नेमकी तीच मिळत नाहीत. तेवढ्या वेळात पाण्याची घागर दुसऱ्या कोणीतरी उचलावी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. दुखण्यातून उठलेल्या बैलाला कोणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही, आणि त्याला कायमचा गोठ्यात बांधूनही ठेवत नाही. आधी मोकळा फिरवतो, मग हलके औत, मग नांगर. जनावराच्या बाबतीत जे शहाणपण आपण पिढ्यान् पिढ्या पाळत आलो, ते आता घरातल्या माणसांनाही लागू करू या.