दाराशी थबकलेली आई

सिग्मंड फ्रॉइड हे लोकरीच्या व्यापाऱ्याचे पुत्र. त्यांचे वडील याकोब मोराव्हियातील फ्रायबर्ग या गावी व्यापार करीत. तेथील बस्तान उठल्यावर १८६० मध्ये हे कुटुंब व्हिएन्नाला स्थायिक झाले. मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना फिरता फिरता वडिलांनी त्याला आपल्या तारुण्यातील एक प्रसंग सांगितला. नवी फरची टोपी घालून ते रस्त्याने चालले होते. एका इसमाने ती टोपी चिखलात उडविली आणि ज्यू म्हणून त्यांना पदपथावरून खाली उतरण्यास फर्मावले. मग तुम्ही काय केले, असे मुलाने विचारले. वडिलांनी खाली उतरून टोपी उचलली होती, एवढेच.

क्षमा हा ज्या घरांचा संस्कार आहे, त्यांना येथे पित्याचा संयम दिसेल. मुलाला त्यात शौर्य दिसले नाही. ज्याच्या पित्याने त्याला रोमच्या सूडाची शपथ घ्यायला लावली, त्या हॅनिबलला त्याने मनोमन आपला नायक केले. हे शल्य फ्रॉइड यांनी पुढे स्वतःच्या स्वप्नांचा शोध घेताना उकलले. याकोब यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, त्यांचा स्वप्नमीमांसेचा ग्रंथ निघाला. बालपणी दडपलेले अबोध मनात जिवंत राहते आणि प्रौढ माणसाला नकळत चालविते, हा मनोविश्लेषणाचा गाभा.

मानवतावादी विचाराचे एक प्रवर्तक कार्ल रॉजर्स १९०२ मध्ये शिकागोजवळच्या ओक पार्क येथे जन्मले. घर धर्मनिष्ठ आणि कडक शिस्तीचे. साध्या सोड्याच्या बाटलीलाही तेथे पापाचा वास येई, अशी त्यांची आठवण. १९२८ पासून बारा वर्षे ते रॉचेस्टर येथे अडचणीतील मुलांसाठी काम करीत होते. तेथे एक आई आपल्या अत्यंत उच्छृंखल मुलासाठी येत असे. मुलाला तिने लहानपणी मनाने स्वीकारले नव्हते, हे त्याच्या वागण्याचे मूळ रॉजर्स यांना स्पष्ट दिसत होते. अनेक भेटींत, सौम्यपणे, पुराव्यानिशी त्यांनी ते तिला दाखविण्याचा यत्न केला. तिच्या गळी काही उतरेना. अखेर दोघांचेही प्रयत्न फसले, असे त्यांनी मोकळेपणे सांगितले. तिलाही ते पटले. हस्तांदोलन झाले. ती दारापर्यंत गेली, वळली आणि येथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो का, असे तिने विचारले. होकार मिळताच ती पुन्हा खुर्चीत बसली. मग पतीशी बिनसलेले नाते, संसारातील निराशा, आपण हरलो ही भावना, सारे बाहेर आले. खरे उपचार त्या क्षणी सुरू झाले आणि ते यशस्वीही ठरले.

रॉजर्स यांचे निदान चुकले होते, असे नव्हे. पण ते त्यांचे होते. तिचे झाले नव्हते. दुखते कोठे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, या निष्कर्षावर ते आले. १९३६ मध्ये त्यांनी ऑटो रँक यांची व्याख्याने ऐकली, त्यांचाही या विचाराला आधार मिळाला. रँक हे एकेकाळचे फ्रॉइड यांचे निकटचे सहकारी. म्हणजे दोन्ही पंथ पूर्णतः परके नाहीत.

मनुष्य मुळात विकासाकडे झुकतो, या रॉजर्स यांच्या श्रद्धेवर त्यांच्याच परंपरेतील रोलो मे यांनी १९८२ मध्ये जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला: मग माणसातील दुष्टतेचे काय? चार कषाय जाणणाऱ्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. कषाय विभाव आणि शुद्धता हा आत्म्याचा स्वभाव, असे मानणाऱ्याला रॉजर्स यांची श्रद्धाही अगदीच अनोळखी वाटू नये. अर्थात, त्यांच्या विचारात आत्मा वा कर्म यांना स्थान नाही. साम्य ताणून धरण्यात अर्थ नाही.

गादीवर बसायला तयार नसलेल्या मुलाच्या दोषांची यादी घरात सर्वांना पाठ असते, आणि ती बहुधा खरीही असते. रॉचेस्टरच्या त्या खोलीतील यादीही खरीच होती. रॉजर्स यांनी पुढे आपल्याकडे येणाऱ्याला ‘रुग्ण’ म्हणणे सोडले आणि ‘क्लायंट’ हा शब्द रूढ केला: आपली गरज घेऊन, आपल्या पायांनी आत येणारा माणूस. ती आई तशी आली, ती परत वळल्यानंतर.