नवे स्पीकर नकोत, आधी साउंडकार्ड बाहेर काढा



मुलांच्या ऑनलाइन गाण्याच्या क्लाससाठी कुठले स्पीकर घ्यावेत, असं इथे शुगर लँडमध्ये मला वरचेवर विचारलं जातं. विचारणाऱ्याची दोन-तीनशे डॉलर घालवायची तयारी असते. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते बहुतेकांना आवडत नाही. नवे स्पीकर घेऊच नका. गराजमध्ये धूळ खात पडलेले जुन्या डेस्कटॉपचे स्पीकर आत आणा आणि त्यांना एक साधं यूएसबी साउंडकार्ड जोडा. (शिक्षणाने मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, पोट मात्र सॉफ्टवेअरवर. त्यामुळे वायरींची हौस अशी भागवावी लागते :-))

मुळात अडचण काय आहे ते बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे शनिवारचे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात गुरुजींकडे रविवारचे पहाटेचे साडेसहा वाजलेले असतात. तिकडून ते सा लावतात आणि इकडे मूल तो लॅपटॉपच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ऐकतं. मुलीची पट्टी काळी चार धरली तर सा साधारण २०८ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार १०४ हर्ट्झची. पुरुषांची काळी एक धरली तर खर्ज ६९ पर्यंत खाली जातो. पातळ लॅपटॉपमधून २०० च्या खाली फारसं काही बाहेर पडतच नाही. वरच्या स्वरांशांवरून कान अंदाज बांधतो, म्हणून तानपुरा ऐकू येतोय असं वाटतं. पण तो खोलीत भरत नाही. ज्या स्वराच्या आधाराने गायचं तोच अर्धा गायब! आणि मग आपण म्हणतो, मूल बेसूर होतं, लक्ष देत नाही.

जुन्या अल्टेक लॅन्सिंग, लॉजिटेक किंवा क्लिप्शच्या संचात खाली ठेवायचा एक वूफरचा डबा असायचा. तो खर्ज व्यवस्थित वाजवतो. वीस वर्षांपूर्वीचा असला तरी कान तेच आहेत आणि सा पण तोच आहे.

मग हे स्पीकर थेट लॅपटॉपला का लावू नयेत? जरूर लावून बघा. हेडफोनच्या जॅकमध्ये पिन घातली आणि गाणं थांबवल्यावर शांतता असेल, तर कार्डाचे पैसेही वाचले. पण पुष्कळदा दोनपैकी एक गोष्ट आडवी येते. एक म्हणजे जॅकच नसतो. आयफोनमधून तो २०१६ मध्ये गेला, आणि डेलच्या २०२२ च्या एक्सपीएस १३ प्लससारख्या लॅपटॉपांनीही तो काढून टाकला. दुसरी म्हणजे जॅक असतो, पण त्यातून खरखर येते, माऊस हलवला की किरकिर होते. कॉम्प्युटरच्या पेटीत प्रोसेसर, पॉवर सप्लाय, वायफाय सगळं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेलं असतं. आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर तिथेच करायचं तर शेजाऱ्यांचा गोंगाट त्यात मिसळतो. बाहेरचं साउंडकार्ड हे काम पेटीच्या बाहेर करतं. त्यात जादू काही नाही, फक्त जागा बदलते. ॲपलची नऊ डॉलरची यूएसबी-सी ते ३.५ मिमी वायर म्हणजेसुद्धा एक चिमुकलं साउंडकार्डच.

आता जोडणी. इथेच लोक चुकतात आणि दोष स्पीकरला देतात.

१) ज्या स्पीकरला स्वतःची विजेची वायर आहे त्यात ॲम्प्लिफायर असतो. तो कार्डाला सरळ जोडता येतो. नुसत्या दोन उघड्या तारांचे मोठे स्पीकर असतील तर मधे ॲम्प्लिफायर लागतोच.

२) स्पीकरची पिन हिरव्या भोकात, म्हणजे लाइन-आउटमध्ये. गुलाबी माइकचं, निळं लाइन-इनचं. रंग नसतील तर चिन्हं वाचा.

३) कार्डाला लाल-पांढरी आरसीए भोकं असतील (बेरिंगरच्या यूसीए२०२ ला अशीच आहेत) तर एका बाजूला ३.५ मिमीचं भोक आणि दुसऱ्या बाजूला दोन आरसीए पिना, अशी छोटी वायर घ्या.

४) फोकसराइटच्या स्कारलेट २आय२ सारख्या कार्डाला मागे ६.३५ मिमीची दोन जाड भोकं असतात. त्यातल्या एकातच स्टिरिओ कन्व्हर्टर खुपसून स्पीकर लावू नका. त्या एका भोकातून एकच वाहिनी सुलट आणि उलट अशी दोनदा बाहेर येते. मग डाव्या-उजव्या स्पीकरला एकमेकांच्या विरुद्ध लहरी मिळतात आणि आवाज पोकळ होतो, खर्ज तर गळूनच जातो. यासाठी ३.५ मिमीच्या भोकातून दोन ६.३५ मिमीच्या मोनो पिना निघणारी वायर मिळते, ती घ्या. नाहीतर सरळ पुढच्या हेडफोनच्या भोकात लावा.

५) कार्ड हबमध्ये न लावता कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पोर्टमध्ये लावा. मग सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट म्हणून तेच निवडा. हे निवडायचं राहिलं की 'कार्ड खराब निघालं' म्हणून ते दुकानात परत जातं.

६) कॉम्प्युटरचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरच्या बटणावर करा. उलटं केलंत तर स्पीकर स्वतःची सूं-सूं मोठी करून ऐकवतो. आवाज फाटला तरच कार्डाकडून थोडा खाली आणा.

एवढं करूनही सलग घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली तर दोष अर्थिंगचा. दोन उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थ झाली की वायरींचं एक वेटोळं तयार होतं आणि त्यात इथल्या विजेचे ६० हर्ट्झ गुणगुणायला लागतात. (भारतात ५०, म्हणजे तिथली घूं थोडी खर्जातली!) दोन्हींचे प्लग एकाच पट्टीत लावा. तरी राहिली तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. अर्थिंगची तिसरी पिन मात्र कुणी सांगितलं तरी मोडू नका. ती जीव वाचवायला आहे. आणि भारतातून आणलेल्या स्पीकरवर नुसतं २३० व्होल्ट लिहिलं असेल तर इथल्या १२० वर तो धड चालणार नाही. १००-२४० लिहिलंय का ते आधी वाचा.

"वायरींचा जमाना गेला, ब्लूटूथ आहे की" असं काही मंडळी म्हणतील. स्वयंपाक करताना नाट्यगीतं ऐकायला ब्लूटूथ उत्तम आहे. क्लासला नाही. पुणे ते टेक्सास हा उशीर आधीच आहे, त्यात ब्लूटूथ आपली भर घालतं. शिवाय त्याच ब्लूटूथ स्पीकरचा माइक कॉलमध्ये वापरायला गेलात तर पुष्कळदा सगळा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो. महागडा स्पीकर घेऊन शेवटी ट्रंक कॉल! झूमवर क्लास असेल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा. नाहीतर त्याचं नॉइज सप्रेशन तानपुऱ्याच्या अखंड आवाजाला पंखा समजून पुसून टाकायला बघतं. आणि गुरुजींचा आवाज स्पीकरमधून माइकमध्ये परत जात असेल तर तेवढ्यापुरता त्याच कार्डाला हेडफोन लावा. रियाजाला स्पीकर आहेतच.

कार्डाला लाइन-इन असेल तर आणखी एक काम होतं, आणि माझ्या मते ते जास्त निकडीचं आहे. आपल्यातल्या ज्येष्ठांकडे ऐंशीच्या दशकात घरून टपालाने आलेल्या कॅसेट असतात. कुणाच्या आजीचा आवाज, कुणाच्या मुंजीतल्या मंगलाष्टका. टेक्सासच्या गराजमधली उष्णता आणि गल्फची दमट हवा फितीला मानवत नाही. टेपरेकॉर्डरची लाइन-आउट कार्डाच्या लाइन-इनमध्ये द्या आणि ऑडॅसिटीमध्ये उतरवून घ्या. ती २००० सालापासून फुकट मिळते. लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून मात्र उतरवू नका. ते मिलिव्होल्टच्या दुबळ्या सिग्नलसाठी असतं आणि बहुधा मोनो असतं. आजीचा आवाज फाटून येईल, आणि ती कॅसेट पुन्हा वाजेलच याची खात्री नाही.

स्टॅफर्डचं फ्राइज २०२१ मध्ये बंद झालं, तेव्हा पिना हातात घेऊन बघायच्या असतील तर ह्यूस्टनचं मायक्रो सेंटर गाठा. जुने स्पीकर बरोबर नेलेत तर वायर चुकणार नाही.

थोडक्यात काय, गुरुजींच्या फीला आपण मागेपुढे बघत नाही, हार्मोनियम विमानातून जपून आणतो. मग तो स्वर मुलाच्या कानापर्यंत पोचायच्या शेवटच्या चार फुटांवर कंजुषी कशाला? आणि उधळपट्टी तरी कशाला? मूल आठवड्यातून एकदाच गुरुजींसमोर बसतं. त्या तासात त्याला खरा सा ऐकू आला पाहिजे, इतकंच माझं म्हणणं. गराज सेल लावण्याआधी त्या स्पीकरवरची धूळ एकदा झटका.

असो. फार लांबलं. तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा.

चू. भू. द्या. घ्या.

शुगर लँडहून,
एक वायरप्रेमी